दहावीचं बोर्ड केंद्र आणि जूनचं वेळापत्रक: दोन्हीचं नियोजन एकत्र कसं बसवायचं?

नववी_क_वर्गशिक्षिका

नमस्कार मंडळी. अनुदानित, मराठी माध्यम, ८वी ते १०वी, प्रत्येकी ३ तुकड्या, म्हणजे एकूण ९. मुख्याध्यापक सोडून १३ शिक्षक. परीक्षा विभाग आणि वेळापत्रक ही दोन्ही कामं या वर्षी एकत्र माझ्याकडे आली आहेत. तीन गोष्टींवर मार्गदर्शन हवं आहे.

एक, दहावीचे आमचे १५० विद्यार्थी आहेत आणि शाळा बोर्डाचं केंद्रही आहे. आजूबाजूच्या शाळा धरून ३१२ परीक्षार्थी बसतील. वर्गखोल्या १४ आहेत. त्या काळात ८वी-९वीचे वर्ग कसे चालवायचे?

दोन, पूर्वपरीक्षेचा निकाल लागतो, पेपर वाटले जातात आणि तिथेच विषय संपतो. त्यातून फेब्रुवारीच्या उजळणीला उपयोग होईल असं नेमकं काय काढावं?

तीन, पुढच्या वर्षी ८वीला संपूर्ण हिंदीबरोबर संयुक्त हिंदी-संस्कृतचा पर्याय सुरू करायचा आहे, आणि गणित-विज्ञानाचे एक सर मे अखेर निवृत्त होत आहेत. वेळापत्रक जूनमध्ये लागलं तरी ऑगस्टपर्यंत बदलतच राहतं, असं पुन्हा होऊ नये. कुठून सुरुवात करू?

---

कार्यालय_खिडकी

मॅडम, वर्गखोल्या आणि उजळणीबद्दल इतर सांगतीलच. मी कागदांचं सांगतो, कारण परीक्षेच्या तोंडावर धावपळ होते ती बहुतेक कागदांमुळे.

दहावीचं आवेदनपत्र भरल्यावर प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासणीसाठीची यादी, निघते. ती छापून वर्गशिक्षकांनी "सगळ्यांनी पाहिलं ना?" असं विचारून परत दिली तर तपासणी झालीच नाही असं समजा. तपासणी जनरल रजिस्टरशी (शाळेच्या प्रवेशनोंदवहीशी) व्हायला हवी आणि दोघांनी मिळून करायला हवी: एकाने रजिस्टरमधून वाचायचं, दुसऱ्याने प्री-लिस्टवर टिक करायची. १५० मुलांना साधारण तीन तास लागतात. क्रम असा ठेवा: आडनाव-नाव-वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, मग माध्यम आणि विषय संकेतांक, शेवटी फोटो. आईच्या नावाचं स्पेलिंग आणि विषय संकेतांक या दोन रकान्यांत सर्वाधिक चुका सापडतात. त्यानंतर प्रत्येक विद्यार्थ्याची सही घ्या आणि मगच मुख्याध्यापकांची.

प्रवेशपत्रं शाळेच्या लॉगिनमधून उतरवायची असतात आणि त्यांच्या छपाईसाठी मुलांकडून पैसे घ्यायचे नसतात. फोटो सदोष असेल तर नवा चिकटवून त्यावर मुख्याध्यापकांची सही व शिक्का. प्रवेशपत्र हरवलं तर लाल शाईत "द्वितीय प्रत" असा शेरा मारून नवीन द्यायचं. विषय किंवा माध्यम चुकलं असेल तर मात्र हातानं दुरुस्त करू नका. ते काम विभागीय मंडळाकडूनच होतं, कारण प्रश्नपत्रिकांची मागणी त्या नोंदीवरून जाते. प्रवेशपत्रावर पेनानं "संस्कृत" लिहिलं तरी केंद्रावर संस्कृतची प्रश्नपत्रिका येणार नाही.

दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींचे प्रस्ताव लवकर पाठवा. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेचा लागतो, म्हणजे दहावीसाठी नववीचा. प्रत्येक लेखनिकामागे एक राखीव मुलगा किंवा मुलगी ठरवून त्यांच्या पालकांचं संमतिपत्रही आधीच फाइलला लावा. परीक्षेच्या सकाळी लेखनिकाला ताप आला तर नव्याने कागद करायला वेळ नसतो.

अंतर्गत आणि प्रात्यक्षिकाचे गुण भरताना गैरहजर आणि शून्य यांत गल्लत होते. गैरहजर मुलाला शून्य भरलं की नोंदीत तो हजर ठरतो. गुण भरणारा आणि तपासणारा वेगळे असू द्या.

आणि हे पुढच्या वर्षासाठी. आत्ताच्या नववीच्या नाव-जन्मतारखेच्या दुरुस्त्या आत्ताच हाती घ्या. जनरल रजिस्टरमधील बदलाला शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता लागते आणि त्याला महिने जातात. नववीच्या वर्गात मार्चमध्ये एक छापील तक्ता फिरवा: रजिस्टरवरचं नाव, आधारवरचं नाव, फरक आहे की नाही. ऑक्टोबरमध्ये दहावीचा अर्ज भरताना हा फरक समोर आला तर फार उशीर झालेला असतो.

---

भूमिती_भाग_दोन

पूर्वपरीक्षेबद्दल लिहिते.

आधी एक आकडा पाहा. लेखी पेपर ९: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित भाग १ आणि २, विज्ञान भाग १ आणि २, इतिहास-राज्यशास्त्र, भूगोल. १५० मुलं गुणिले ९ म्हणजे १३५० उत्तरपत्रिका. एवढं तपासून हाती फक्त "४० पैकी १७" असा आकडा येत असेल तर शिक्षकांचे कष्ट वाया गेले. म्हणून प्रत्येक विषयाचा प्रश्ननिहाय तक्ता करा. तपासतानाच एक जादा कागद शेजारी ठेवायचा: उभे रकाने प्रश्नांचे, आडव्या ओळी मुलांच्या. प्रत्येक चौकटीत गुण लिहायचे, पण सोडवलाच नाही तिथे गुणाऐवजी रेघ मारायची. शून्य आणि रेघ यांतला फरक हाच या सगळ्या कामाचा गाभा आहे. शून्य म्हणजे समजलं नाही. रेघ म्हणजे वेळ पुरला नाही, प्रश्न दिसला नाही किंवा मुलानं आधीच हार मानली. तिन्हींवर उपाय वेगळे आहेत.

गणिताचं उदाहरण देते. ४० गुणांच्या पेपरची विभागणी अशी: प्र. १ अ बहुपर्यायी ४, १ ब ४, प्र. २ अ कृती पूर्ण करा ४, २ ब ८, प्र. ३ अ कृती ३, ३ ब ६, प्र. ४ ला ८, प्र. ५ ला ३. म्हणजे पहिल्या दोन प्रश्नांतच २० गुण आहेत आणि दोन्ही भाग मिळून ४०. जी मुलं काठावर आहेत त्यांच्यासाठी फेब्रुवारीत प्र. ४ आणि प्र. ५ ची उदाहरणं घेत बसू नका. त्यांच्या तक्त्यात प्र. १ आणि प्र. २ मधल्या रेघा मोजा. "कृती पूर्ण करा" मध्ये बरीच मुलं फक्त चौकटीतली उत्तरं एकाखाली एक लिहितात आणि कृती उतरवून घेत नाहीत. मग कोणतं उत्तर कोणत्या चौकटीचं ते परीक्षकाला कळत नाही. बहुपर्यायी प्रश्नात पहिल्या प्रयत्नातलं उत्तरच धरलं जातं. "अ" लिहून खोडून "क" लिहिण्याची सवय पूर्वपरीक्षेतच मोडायला हवी, आणि त्यासाठी शाळेतल्या तपासणीतही हा नियम कडक पाळा. शाळेत आपण समजून घेऊन गुण देतो. तिथेच मुलांची फसगत होते.

पूर्वपरीक्षा घड्याळानं बोर्डासारखीच घ्या. २०२३ पासून प्रश्नपत्रिका ११ वाजता मिळते आणि जादाची १० मिनिटं शेवटी असतात. ३ तासांचा पेपर २:१० ला आणि २ तासांचा १:१० ला संपतो. शाळेच्या सोयीनं सकाळी ७:३० ला पूर्वपरीक्षा घेतली तर मुलांना दुपारच्या भुकेच्या वेळी शेवटची वीस मिनिटं लिहिण्याचा सराव होत नाही. भूगोलाच्या नकाशाची आणि आलेखाची पुरवणी वेगळी द्या आणि ती बांधायला लावा. सुटी राहिलेली पुरवणी हा दर वर्षीचा घोर आहे.

तक्ता हाती आल्यावर उजळणीचे गट तुकडीनुसार नव्हे तर रेघा-शून्यांनुसार पाडा. तीन तुकड्यांचे गणिताचे तास एकाच वेळी आले तरच हे जमतं, त्यामुळे फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यासाठी दहावीचं वेळापत्रक तात्पुरतं बदला. आठवड्यातून दोनदा, तिन्ही तुकड्यांना एकाच तासाला गणित. त्या तासाला गणिताचे तीन शिक्षक अडकतात, ९वीचे त्यांचे तास हलवावे लागतात. तरी करा.

---

केंद्र_उपसंचालक

मॅडम, केंद्राचं गणित सरळ आहे. एका दालनात २५. ३१२ म्हणजे १२ दालनं पूर्ण आणि तेराव्यात १२ जण. लेखनिक किंवा जादा वेळ असलेल्यांना चौदावी खोली. म्हणजे १४ च्या १४ खोल्या परीक्षेला गेल्या, ११ वाजता ८वी-९वीसाठी एकही उरत नाही. दुपारचं सत्र सुटसुटीत वाटतं, पण पेपर २:१० ला संपला तरी तासाला २० मिनिटं जादा मिळणारे विद्यार्थी ३:१० पर्यंत लिहितात, शिवाय उत्तरपत्रिकांची मोजणी आणि गठ्ठे बांधणं. म्हणून सकाळचंच सत्र घ्या.

७:०० ते ९:३५: परिपाठ ५ मिनिटं, ३५ मिनिटांचे दोन तास, १० मिनिटं सुट्टी, पुन्हा दोन तास. परीक्षार्थी १०:३० ला दालनात असतात, म्हणजे गेटवर ते १० पासून येऊ लागतात. लहान मुलं पावणेदहाच्या आत आवाराबाहेर गेलेली हवीत. दोन्ही गर्दी गेटवर भिडली की त्या गर्दीत कोण परीक्षार्थी आणि कोण बाहेरचा हे शिपायाला कळत नाही, आणि कॉपीमुक्तीचा सगळा बंदोबस्त तिथेच सैल होतो.

८वी-९वीच्या सहा तुकड्या ठरलेल्या सहाच खोल्यांत बसवा. उरलेल्या आठ खोल्या आदल्या संध्याकाळी बैठक क्रमांक टाकून, कुलूप लावून तयार ठेवा. सकाळच्या सहा खोल्यांत एका बाकावर दोघं-तिघं बसतात, बाकं सरकतात. यावर साधा उपाय म्हणजे फरशीवर प्रत्येक बाकाच्या पुढच्या दोन पायांच्या जागी ऑइलपेंटचे ठिपके. ९:३५ ला बाक ठिपक्यांवर आणायचं, क्रमांक खडूनं टाकायचा. सहा खोल्या म्हणजे १५० बाकं. दोन शिपाई आणि दोन शिक्षक असतील तर अर्ध्या तासात होतं. ठिपके नसतील तर रांगा मोजण्यातच तेवढा वेळ जातो. बैठक क्रमांक कागदी चिकटवण्याऐवजी खडूनं टाका, कारण सकाळची मुलं चिकटवलेला कागद सोलतात.

माणसांचा हिशोब खोल्यांपेक्षा अवघड आहे. १४ दालनांना १४ पर्यवेक्षक, शिवाय बदली. त्या दिवशी ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला पर्यवेक्षण देत नाहीत. सकाळच्या सत्रात प्रत्येक तासाला सहा शिक्षक लागतात. तेच सहा जण पुढे पर्यवेक्षणाला लावले तर ७ ते २:३० अशी सलग साडेसात तास ड्यूटी होते आणि शेवटच्या तासात लक्ष राहत नाही. म्हणून १३ पैकी ६ जण सकाळी शिकवतील, ७ जण पर्यवेक्षणाला असतील, अशी आलटून पालटून यादी करा आणि उरलेल्या सात पर्यवेक्षकांची मागणी लगतच्या शाळांकडे प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होण्याआधी करा. ज्यांचा पाल्य किंवा जवळचा नातेवाईक परीक्षेला बसलाय त्यांचं लेखी निवेदन घेऊन त्यांना यादीतून वगळा. तुमच्या शिक्षकांना दुसऱ्या केंद्रावर पाठवण्याचे आदेशही येऊ शकतात, तेव्हा यादीत दोन माणसांची सूट ठेवा.

प्रत्येक खोलीत भिंतीवरचं घड्याळ हवं आणि सगळी घड्याळं कार्यालयाच्या घड्याळाशी जुळवलेली हवीत. एका दालनात ४ मिनिटं पुढे असलेलं घड्याळ म्हणजे २५ मुलांची ४ मिनिटं कमी. सेल आदल्या आठवड्यात बदला.

पेपर रोज नसतात. २०२५ ला परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी चालली, मध्ये बरेच मोकळे दिवस होते. मोकळ्या दिवशी ८वी-९वीची शाळा पूर्णवेळ भरवा. पूर्ण महिना सकाळचं सत्र ठेवणं सगळ्यांच्या सोयीचं आहे, पण ८ तासांच्या जागी ४ तास झाले की नववीचं गणित आणि विज्ञान मार्च अखेर अर्धवट राहतं, आणि तीच मुलं पुढच्या वर्षी दहावीला असतात.

---

नववी_क_वर्गशिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. ठिपक्यांचं आणि रेघा-शून्यांचं लगेच करते. आता वेळापत्रकाबद्दल कुणी सांगाल का? आमचा आठवडा सोमवार ते शुक्रवार ८ तास, शनिवारी ५, एकूण ४५. तासिका विभागणी दर तुकडीला अशी आहे: मराठी ६, हिंदी ५, इंग्रजी ७, गणित ७, विज्ञान ७, सामाजिक शास्त्रे ६, शारीरिक शिक्षण ३, कला २, स्वविकास १, जलसुरक्षा १ (आठवीला त्या जागी कार्यानुभव). भाषेचे ३ शिक्षक, इंग्रजीचे २, गणित-विज्ञानाचे ४, सामाजिक शास्त्रांचे २, शारीरिक शिक्षण १, कला १.

---

जोडतास

मॅडम, वेळापत्रक ऑगस्टपर्यंत बदलतं याचं कारण ते जूनमध्ये चौकटी भरण्यापासून सुरू होतं. चौकटी सर्वांत शेवटी येतात. आधी बेरजा करा, आणि त्या बोर्ड परीक्षा सुरू होण्याआधी, फेब्रुवारीतच करा. मार्चनंतर तुमचे शिक्षक दहावीचे पेपर तपासण्यात आणि ८वी-९वीच्या वार्षिक परीक्षेत गुंततात, बोलायलाही सापडत नाहीत.

कार्यभार तक्ता. ९ तुकड्या × ४५ = ४०५ तास. मराठी ५४, हिंदी ४५, इंग्रजी ६३, गणित ६३, विज्ञान ६३, सामाजिक शास्त्रे ५४, शारीरिक २७, कला १८, उरलेले दोन विषय १८. बेरीज ४०५. आता माणसं. इंग्रजी ६३, दोघांत ३२ आणि ३१. गणित-विज्ञान १२६, चौघांत साडेएकतीस. सामाजिक शास्त्रे ५४ अधिक जलसुरक्षा-कार्यानुभवचे ९ म्हणजे ६३, दोघांत पुन्हा ३२-३१. कला १८ अधिक स्वविकास ९ म्हणजे २७. शारीरिक २७. मराठी-हिंदी ९९, तिघांत ३३ होतात, ते जास्त आहेत. मुख्याध्यापकांनी ६ घेतले की ९३, प्रत्येकी ३१. मुख्याध्यापकांना एका आठवीच्या तुकडीचं पूर्ण मराठी द्या, दहावीचं देऊ नका. त्यांना सभेला अचानक जावं लागतं आणि दहावीच्या मराठीचे तास बुडालेले परवडत नाहीत.

याचा अर्थ कार्यभार बसतो, पण फटीत सुरी जाणार नाही इतका घट्ट बसतो. कोणत्याही तासाला ९ जण वर्गात, ४ मोकळे. दोघं रजेवर गेले की उरले दोन.

निवृत्ती. चौघांचे तीन झाले तर १२६ भागिले ३ म्हणजे ४२. आठवडाच ४५ तासांचा आहे, म्हणजे हे कागदावरही अशक्य आहे. नवीन शिक्षक जूनच्या पहिल्या दिवशी हजर होईल असं धरू नका. वेळापत्रकात "रिक्त-१" असा चौथा शिक्षक ठेवा, त्याला ८वीचे तिन्ही वर्ग गणित आणि दोन वर्ग विज्ञान द्या. २१ अधिक १४, म्हणजे ३५ झाले. जास्त आहेत, म्हणून एक तुकडी विज्ञान दुसऱ्याकडे वळवा, २८ राहतील. उरलेले ९८ तिघांत साधारण ३३. जड आहे, पण दहावीचे सगळे वर्ग अनुभवी हातात राहतात. रिक्त-१ चे तास शक्यतो सलग आणि पहिल्या पाच तासांत लावा. तासिका तत्त्वावर कुणी मिळालं तर ते दिवसभर थांबणार नाहीत. सलग तास असतील तर माणूस मिळतो, विखुरलेले असतील तर मिळत नाही.

शनिवार. ही जागा नेहमी चुकते. गणित, विज्ञान, इंग्रजी आठवड्याला ७, मराठी आणि सामाजिक शास्त्रे ६, म्हणजे हे पाचही विषय सहा दिवस रोज येणार. शनिवारचे पाच तास याच पाच विषयांनी बरोबर भरतात. तुकडीपुरतं ते छान दिसतं. पण शिक्षकाच्या बाजूनं पाहा: शनिवारी इंग्रजीचे ९ तास दोघांत, म्हणजे एकाला पाचपैकी पाच आणि दुसऱ्याला चार. सामाजिक शास्त्रांचं तेच. गणित-विज्ञानाचे १८ तास चौघांत, त्यांच्या एकूण २० जागांपैकी दोनच रिकाम्या. आणि शारीरिक शिक्षण व कला या दोन शिक्षकांना शनिवारी एकही तास नाही. म्हणून पाच तुकड्यांचा एकेक शारीरिक शिक्षणाचा तास शनिवारी टाका आणि त्यांचा सामाजिक शास्त्रांचा शनिवारचा तास आठवड्याच्या मधे हलवा. सामाजिक शास्त्रांचे शनिवारचे तास ९ वरून ४ वर येतात आणि दोन्ही शिक्षक बदली तासाला उपलब्ध होतात.

चौकटी भरण्याचा क्रम. आधी जोड तास, म्हणजे प्रयोगशाळा. एक प्रयोगशाळा, ९ तुकड्या, दर आठवड्याला एक जोड तास, १८ जागा. विज्ञानाचे ७ तास म्हणजे पाच दिवस एकेक आणि एका दिवशी जोड, हिशोब बरोबर जुळतो. जोड तास मधल्या सुट्टीच्या दोन्ही बाजूंना पडू देऊ नका. सुट्टीत मांडणी तशीच सोडावी लागते आणि परत आल्यावर पहिली दहा मिनिटं जमवाजमवीत जातात. त्यानंतर मैदान, एका वेळी एक तुकडी. मग समांतर गट, म्हणजे संयुक्त हिंदी-संस्कृतसारखे अनेक तुकड्यांना एकाच वेळी लागणारे तास. मग दहावीच्या तिन्ही तुकड्या पूर्ण. मग ९वी आणि शेवटी ८वी. एका शिक्षकाला सलग चार तास लागले की थांबा आणि तिथल्या तिथे बदल करा, "नंतर बघू" म्हटलेली चौकट ऑगस्टमध्येच सापडते.

दहावीचं गणित रोज पहिल्या तासाला लावण्याचा मोह होतो. तसं करू नका. पहिला तास उशिरा येणाऱ्या मुलांचा, परिपाठ लांबण्याचा आणि सूचनांचा असतो. एसटीनं येणारी मुलं असतील तर गणित दुसऱ्या-तिसऱ्या तासाला जास्त सुरक्षित.

सॉफ्टवेअर वापरायचं तर एफईटी मोफत आहे आणि एवढ्या शाळेला पुरतं. पण वरच्या बेरजा हातानं झाल्याशिवाय त्यात काही भरू नका. अटी परस्परविरोधी असतील तर ते चालत राहतं आणि उत्तर येत नाही, आणि चूक कुठली ते शोधणं हातानं करण्यापेक्षा अवघड जातं.

---

संयुक्त_संस्कृत

मॅडम, संयुक्त हिंदी-संस्कृतबद्दल थोडं.

पर्याय फक्त येत्या ८वीलाच सुरू करा. ९वी-१०वी संपूर्ण हिंदीवरच जाऊ द्या. म्हणजे पहिल्या वर्षी आठवड्यात ५ समांतर जागा लागतील, दुसऱ्या वर्षी १०, तिसऱ्या वर्षी १५. समांतर म्हणजे आठवीच्या तिन्ही तुकड्यांना एकाच वेळी भाषेचा तास आणि मुलं आपापल्या गटाच्या खोलीत. त्या तासाला तुमचे तिन्ही भाषाशिक्षक एकदम अडकतात, म्हणून त्या वेळी ९वी-१०वीला मराठी किंवा हिंदी लागूच शकत नाही. ही अट वेळापत्रकात आधी लिहा.

तीन खोल्या, १५० मुलं, म्हणजे प्रत्येकी ५०. पण मुलं अशी समान वाटली जात नाहीत. ७० जणांनी संस्कृत मागितलं तर एका खोलीत ७० बसवावे लागतील, किंवा दोन गट संस्कृतचे पाडून ८० मुलांचा हिंदीचा एकच वर्ग करावा लागेल. दोन्ही वाईट. म्हणून पर्याय-अर्ज प्रवेशावेळीच घ्या, पालकांच्या सहीनं, दुसऱ्या पसंतीच्या रकान्यासह, आणि एका गटाची कमाल संख्या अर्जावरच छापा. जूनमध्ये पहिल्या दहा दिवसांनंतर बदल नाही हेही छापा. जुलैमध्ये मैत्रिणीच्या वर्गात जायचं म्हणून पर्याय बदलणारी मुलं येतात आणि वर्गशिक्षकाला नाही म्हणवत नाही.

संयुक्तमध्ये दोन्ही भाषांना निम्मे निम्मे, ५०-५० गुण. तास मात्र ५, विषम. एका आठवड्यात संस्कृत ३ हिंदी २, पुढच्या आठवड्यात उलट. वर्गाच्या दारावर आठवड्याचा तक्ता लावा, नाहीतर मुलं चुकीची वही आणतात. संस्कृत शिकवणारा शिक्षक हिंदीचा भागही घेऊ शकत असेल तर एकाच माणसावर गट ठेवा, खोल्या बदलाव्या लागत नाहीत.

---

कार्यालय_खिडकी

एक भर. जोडतास सरांनी बेरजा फेब्रुवारीत करायला सांगितल्या ते योग्यच, पण तुकड्यांचा आकडा तेव्हा पक्का नसतो. आठवीच्या वार्षिक परीक्षेत अनुत्तीर्ण झालेल्यांची पुनर्परीक्षा होते, त्यानंतरच ९वीचा पट ठरतो. आणि मंजूर पदं संचमान्यतेवर (शाळेच्या शिक्षकपदांना मिळणाऱ्या मंजुरीवर), म्हणजे ३० सप्टेंबरच्या पटावर आणि आधार वैध असलेल्या विद्यार्थ्यांवर ठरतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर एकेका विद्यार्थ्याला महत्त्व आलं आहे. त्यामुळे तक्त्याच्या दोन प्रती ठेवा: एक ९ तुकड्यांची १३ शिक्षकांवर, दुसरी १२ शिक्षकांवर. दुसरीत कोणत्या दोन तुकड्या कोणत्या विषयाला एकत्र बसतील ते आधीच लिहून ठेवा. स्वविकास, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण इथे तुकड्या जोडता येतात. गणिताला जोडू नका.

आधार अवैध दाखवणाऱ्या मुलांची यादी एप्रिलमध्ये निकालपत्रकासोबत पालकांच्या हातात द्या. १ मेनंतर पालक गावाला जातात.

---

जोडतास

बरोबर आहे सर, १२ शिक्षकांची प्रत हवीच. तारखांचं म्हणाल तर: कार्यभार तक्ता १५ फेब्रुवारीपर्यंत, विषयशिक्षकांशी चर्चा दहावीच्या लेखी परीक्षेतल्या मोकळ्या दिवशी, कच्चं वेळापत्रक २० एप्रिलपर्यंत. ते भिंतीवर लावू नका, प्रत्येक शिक्षकाला त्याचं एकट्याचं पान द्या आणि त्यावरच पेन्सिलनं हरकती मागवा. पूर्ण तक्ता समोर असला की प्रत्येक जण दुसऱ्याचे मोकळे तास मोजतो. एकट्याच्या पानावर खऱ्या अडचणी लिहिल्या जातात: सलग पाच तास, तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर जाण्यातली धावपळ, एकाच दिवशी तीन प्रयोग.

बदली तासांची वही वेगळी ठेवा. मोकळ्या चौघांची नावं तासागणिक आधीच छापलेली हवीत, आणि कुणाच्या वाट्याला महिन्यात किती बदली तास आले त्याची बेरीज महिनाअखेरीला करा. ज्याचे २७ तास आहेत त्याला बदली तास जास्त आणि ३२ वाल्याला कमी, हे जूनच्या पहिल्या शिक्षकसभेच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.

---

नववी_क_वर्गशिक्षिका

शनिवारची बेरीज आमच्या चालू वेळापत्रकावर आत्ताच करून पाहिली. इंग्रजीचे दोघे आणि सामाजिक शास्त्रांचे दोघे मिळून शनिवारी २० पैकी १८ तास, आणि शारीरिक शिक्षण व कला शून्य. अगदी तुम्ही म्हणता तसंच. उद्या मुख्याध्यापकांसमोर कार्यभार तक्ता आणि नववीचा नावं-आधार तक्ता दोन्ही ठेवते. एक शंका राहिली: संयुक्तच्या ५ समांतर जागा शनिवारी टाळाव्यात का?

---

संयुक्त_संस्कृत

टाळाच. हिंदीचे ५ तास सोमवार ते शुक्रवार रोज एक असे नीट बसतात. शनिवारी पाचच तास असतात, त्यात खोल्या बदलण्यात ३-४ मिनिटं गेली तर ती भरून काढायला जागा नाही. पाचही दिवस एकच तास ठरवा, समजा पाचवा, मधल्या सुट्टीनंतर लगेचचा. सुट्टीतूनच मुलं आपापल्या गटाच्या खोलीत जातात, दप्तर घेऊन मधेच उठावं लागत नाही.